शब्दचर्चा : ‘सिंगिंग बोल’ला मराठीत काय म्हणावं?

योगशिक्षिका, जुळे सोलापूर :
शवासनात सिंगिंग बोल, म्हणजे ठोका देऊन किंवा काठावर मोगरी (छोटा दांडका) फिरवून नाद काढायची वाटी, वाजवतात. त्या वर्गाचं पत्रक मराठीत करायचं आहे. ‘गाणारी वाटी’ जिभेवर बसत नाही. ‘काशाची वाटी’ लिहिलं की लोकांना तळपायाला तूप चोळायची वाटी आठवते. ‘साउंड हीलिंग’साठी ‘ध्वनिचिकित्सा’ चालेल का? वाटीच्या भागांना आणि वाजवण्याच्या क्रियांनाही शब्द हवेत.

मराठीच्या शिक्षिका :
ताई, ‘नादवाटी’ घ्या. आवाज कशाचाही होतो, भांडं पडल्याचाही. नाद म्हटलं की टिकणारा, उंची ओळखू येणारा स्वर डोळ्यांसमोर येतो. ‘ध्वनिचिकित्सा’ मात्र नको. मराठीत चिकित्सा म्हणजे बारकाईनं तपासणीही, आणि दुसऱ्या अर्थानं घेतलं तर आजार बरा करण्याचं आश्वासन होतं. वर्गात विश्रांती देता ना? मग ‘नादविश्रांती’ लिहा.
आणखी एक. अशा पत्रकांत वाटीवादनाला सर्रास ‘नादानुसंधान’ म्हणतात, ते चूक आहे. हठयोगप्रदीपिका या योगग्रंथाच्या ४थ्या उपदेशात (प्रकरणात) नादानुसंधान आहे, पण तिथे कान बंद करून आत ऐकायचं आहे : आधी समुद्र, मेघ, भेरी, मग शंख, घंटा, शेवटी किणकिण, वेणू, वीणा, भ्रमर. तो अनाहत, म्हणजे आघाताशिवायचा नाद. ठोका मारून निघतो तो आहत. हा भेद शार्ङ्गदेवानं १३व्या शतकात देवगिरीला लिहिलेल्या संगीतरत्नाकर या संगीतग्रंथातही आहे.

भांड्यांचे व्यापारी :
शब्द ठरवण्याआधी धातू बघा. कासं म्हणजे तांबं आणि कथील, वाजणाऱ्या वाटीत साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्याकडं गिऱ्हाईक कानडी असो की तेलुगू, ‘कंचु’ म्हटलं की कासंच. पितळ पडलं तर पोचा येतो, कासं पडलं तर तडकतं. तडकलेली वाटी ‘बद्द’ वाजते. हा शब्द पत्रकात नसला तरी खरेदीला जाताना लक्षात ठेवा. तळहातावर ठेवून मऊ मोगरीनं पोटावर एक ठोका द्या. नाद लगेच बसला तर वाटी पितळेची असू शकते, नाहीतर चिरलेली. बाकी भाग साध्या वाटीचेच : बूड, पोट, काठ. खालच्या गोल गादीला ‘रिंग कुशन’ कशाला म्हणायचं? ती चुंबळ.

तंतुवाद्यांचे कारागीर :
ठोक्यानंतर जो नाद मागे रेंगाळतो त्याला गाणारे ‘आस’ म्हणतात, तोच शब्द इथं चपखल. आसेत वाँव-वाँव असा हेलकावा येतो तो वाटीतला दोष नव्हे. हाताने ठोकलेली वाटी अगदी गोल नसते, त्यामुळे दोन जवळजवळचे स्वर एकदम निघतात. एक २२० कंपनांचा, दुसरा २२३ चा असेल तर सेकंदाला ३ हेलकावे. काठावर मोगरी फिरवण्याला मी ‘घुमवणं’ म्हणेन.

योगशिक्षिका :
‘घुमणं’ म्हटलं की अंगात येणं आठवतं हो काका. पत्रकात बरं दिसेल का? आणि घुमवताना वाटी मध्येच खरखरते, ती का?

तंतुवाद्यांचे कारागीर :
अंगात आलेला माणूस स्वतः घुमतो. ‘वाटी घुमवा’ असं कर्म जोडून लिहिलं की गोंधळ राहत नाही.
खरखर येते कारण काठाचा कंप वाढला की तो मोगरीला झटकतो आणि ती काठावर टपटप आपटते. वेग वाढवून ती जात नाही, उलट वाढते. फिरवणं सावकाश करा, दाब थोडा वाढवा, मोगरी उभी धरा आणि मनगट न वळवता सगळा हात फिरवा. आधी एक हलका ठोका दिला तर नाद लवकर धरतो. बोटं पोटावर चढली की आस मरते. वाटी सपाट तळहातावर, मोठी असेल तर चुंबळीवर.

मराठीच्या शिक्षिका :
क्वार्ट्झच्या वाट्यांना ‘स्फटिकवाटी’ म्हणावं. ट्यूनिंग फोर्कला शाळेच्या पुस्तकातला ‘नादकाटा’ आहेच.

योगवर्ग चालवणारे, सोलापूरचा पूर्व भाग :
सूचनाही मराठीतच लिहा. ‘नादवाटी डोक्यापासून दीड-दोन हात दूर. पहिली आस पूर्ण विरल्यावरच दुसरा ठोका.’ कानाशी वाटी नको. पेसमेकर असलेल्यांच्या, गरोदर बायकांच्या अंगावर वाटी ठेवू नये, हे ठळक छापा. स्फटिकवाटी तर कुणाच्याच अंगावर नको, आणि दोन स्फटिकवाट्या एकमेकींना टेकल्या तर तडकतात. आमच्याकडं यंत्रमागाच्या खटखटीत लहान वाटी ऐकूच येत नाही. तिथे जोरात ठोकण्यापेक्षा मोठी, खर्जाची वाटी घ्यावी. उन्हाळ्यात पंखा बंद करता येत नाही. निदान वाटी पंख्याखाली न ठेवता खोलीच्या कोपऱ्याकडे सरकवा.