टीव्हीवरची बाळंतपणं गरोदर बाईने पाहावीत का?

फोंडेकरीण:
माझी धाकटी जाऊ सात महिन्यांची आहे. ब्रिटनच्या चॅनल फोरने २०१० साली साउथॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात प्रसूतिगृहाच्या भिंतींवर कॅमेरे बसवून 'वन बॉर्न एव्हरी मिनिट' ही मालिका सुरू केली होती. तिचे आणि तशाच इतर कार्यक्रमांचे तुकडे यूट्यूबवर फिरतात, ते ही रोज रात्री बघते. सासूबाईंचं म्हणणं, पोटुशीने असलं बघूच नये. परवा एका व्हिडिओत बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. घंटी वाजली, खोलीत पाच-सहा माणसं धावत आली, आई ओरडतेय, नवरा भिंतीला टेकून उभा. बाळ निघालं, पण लगेच रडलं नाही. त्या रात्री जाऊबाईला झोप नाही. आता म्हणते, कळांची वाटच बघायची नाही, सरळ सिझर करून घ्यायचं.

तरीही मला वाटतं, बघावं. आपल्याकडे बाईला डोहाळे, ओटी, फुलं माळणं सगळं मिळतं, फक्त त्या खोलीत काय होणार हे कोणी सांगत नाही. 'होईल गो सगळं बरं' एवढंच. आणि खरं तर हे नवऱ्याने आणि सासूने आधी बघायला हवं. माझा दीर पाच मिनिटं बसला आणि उठून गेला, याचा मला जास्त राग आला. तुमचं मत सांगा.

मडगावची आई:
ताई, मी अजिबात सहमत नाही. मी आठव्या महिन्यात हे सगळं पाहिलं होतं. माझ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा पोटाला पट्टा लावलेला, मशीनवर बाळाचे ठोके दिसत होते. कळ आली की १४० चे ११०, ११० चे १०० होत. व्हिडिओत ठोके कमी झाले की पुढच्याच दृश्यात बाईला ऑपरेशनला नेतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कळ सोसायची सोडून मी आकडे बघत बसले. सिस्टर म्हणत होत्या इकडे माझ्याकडे बघ, श्वास घे, मला ऐकूच येत नव्हतं. सातव्या महिन्यात फुलं माळतात ती बाईचं मन प्रसन्न राहावं म्हणूनच ना? त्या प्रथेमागे अक्कल आहे. माहिती डॉक्टरांकडून घ्यावी. दुसऱ्या बाईच्या किंकाळ्या ऐकून कोणाला धीर येतो?

लेबर रूमची सिस्टर:
मी बरीच वर्षं प्रसूती विभागात काम करते. दोघींचंही थोडं थोडं पटतं, पण तो खांद्याचा व्हिडिओ नीट समजावून सांगायला हवा, कारण तसले व्हिडिओ बघून घाबरलेल्या मुली आमच्याकडे येतात.

खांदा अडकणं शंभर बाळंतपणांत एखाद्याच बाईला, बहुधा त्याहूनही कमी जणींना होतं. घंटी दाबली आणि माणसं धावली म्हणजे काही हाताबाहेर गेलं असं नव्हे. ती ठरलेली पद्धत आहे. दोघीजणी बाईच्या मांड्या पोटाकडे घट्ट दुमडून धरतात, त्याने कंबरेच्या हाडाचा कोन बदलतो. एकजण ओटीपोटावर हाडाच्या वरच्या बाजूला दाब देते, एकजण मोठ्याने वेळ सांगते, एकजण बाळासाठी तयार उभी असते. म्हणून गर्दी. पुष्कळदा तेवढ्यानेच खांदा सुटतो. मात्र पोटाच्या वरच्या टोकाकडून, छातीच्या बाजूने खाली ढकलायचं नसतं, हेही सांगून ठेवते, घाबरलेले नातेवाईक तेच सुचवतात. बाळ लगेच रडलं नाही तर कोरडं करून पाठ चोळतात, तरी श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आतच पिशवीने हवा द्यायला लागतात. बघणाऱ्याला तो मिनिट तासासारखा वाटतो, कारण कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर असतो, आमच्या हातांवर नाही.

मडगावच्या ताई, कळेबरोबर ठोके थोडे उतरणं आणि कळ गेली की वर येणं पुष्कळदा दिसतं, शेवटी शेवटी डोकं दाबलं जातं तेव्हा तर जास्तच. किती उतरले, कधी उतरले, किती वेळ राहिले हे आम्ही बघतो. हे तुम्हाला तिथे कोणीतरी सांगायला हवं होतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. पाऊण तासाच्या भागात दोन-तीन बायका बाळंत होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलंय की गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर जोराच्या कळांचा टप्पा धरावा, आणि पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. दर तासाला एक सेंटिमीटर झालंच पाहिजे हा जुना हिशेबही त्यांनी सोडायला सांगितला. व्हिडिओ बघून आलेली मुलगी चौथ्या तासाला विचारते, 'माझं अडलंय का?' आणि बाहेर नातेवाईक डॉक्टरांच्या मागे लागतात, करा ना सिझर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात ३९.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, देशाचा आकडा २१.५. त्यात अशी भीतीची सिझरं किती, ते कोणी मोजत नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती होतात.

साखळीचा वाचक:
तुम्ही सगळे बघणाऱ्यांचं बोलताय. जिचं दाखवलं तिचं काय? त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचल्यात? 'किती नाटक करते', 'आमच्या आयांनी शेतात पोरं काढली'. जन्मलेलं मूल उद्या पंधरा वर्षांचं झालं की शाळेतली पोरं त्याच्या आईची ती अवस्था फोनवर बघणार. मूल तर कधीच हो म्हणालं नव्हतं. आपल्याकडे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्णाची ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापायला बंदी आहे, पण नातेवाईकांच्या हातातल्या फोनला कुठला नियम? पडद्यामागे दुसरी बाई कण्हत असते आणि इकडे बाळाची रील निघते. हे पाश्चात्त्य कार्यक्रम बघूनच ही सवय लागली, असं माझं ठाम मत आहे.

फोंडेकरीण:
भाई, सामायिक वॉर्डात फोन बंदच हवा, तिथे मी तुमच्या बाजूने. पण त्या प्रतिक्रिया लिहिणारे कोण असतात? ज्यांना आत काय होतं ते माहीतच नाही असे. त्यांच्यापासून लपवून ते सुधारणार आहेत का?

पेडण्याच्या काकू:
मी सत्तरी ओलांडली आहे, नातीने लिहून दिलं. आमचं सगळं घरी, मागच्या खोलीत. दार लावलेलं, आम्ही पोरं पडवीत, आतून काकीचं ओरडणं ऐकू येई. दिसत काही नसे. माझी पाळी आली तेव्हा मला वाटलं मी मरणारच, कारण मला फक्त तो आवाज माहीत होता. वार पडायची बाकी असते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. बाळ झालं आणि परत कळ आली तेव्हा मी सुईणीचा हात चावला. न बघून भीती जात नाही गे बाय. नातीबरोबर मी ते ब्रिटनचे व्हिडिओ पाहिले. तिथली सुईण बाईला उभी करते, चालवते, पाठ चोळते. ते बघण्यासारखं आहे. सासूबाईंना माझा निरोप द्या, सुनेबरोबर बसून बघा म्हणावं.

मडगावची आई:
काकू, तुमच्याजवळ नात बसली होती. मी एकटी, रात्री एकला, उशाला फोन. एकामागून एक व्हिडिओ आपोआप लागतात आणि पुढचा नेहमी जास्त भयंकर असतो. सुरळीत बाळंतपण कोणी बघत नाही म्हणून ते वर येतही नाही. सोबत कोणी असेल तरच बघावं, एवढं तरी मान्य करा.

बाहेरच्या बाकावरचा बाप:
फोंडेकर वहिनी, दिराची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी बायकोबरोबर सगळं पाहिलं, पाठ कुठे दाबायची ते शिकलो, आणि शेवटी मला दारातूनच परत पाठवलं. 'पुरुषांना आत नाही.' अकरा तास बाकावर. व्हिडिओत प्रत्येक नवरा हात धरून उभा. मग मी कशासाठी बघायचं?

लेबर रूमची सिस्टर:
दादा, केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत सोबतीण आत घ्यायला परवानगी दिली आहे. ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी, आणि जिथे आडोसा नीट आहे तिथे नवराही चालतो, असं त्यात आहे. अडचण आडोशाची. दोन खाटांमध्ये नुसता पडदा असेल तर पलीकडच्या बाईने का सहन करावं? आडोसा मागा, तो मागणं तुमचा हक्क आहे. तोवर सासूबाईंना किंवा आईला तयार करा. पाठ दाबायला त्यांनाही शिकवता येतं.

फोंडेकरीण:
सिस्टर, एक विचारते. खांदा अडकेल म्हणून आधीच सिझर, हे जाऊबाईचं म्हणणं डॉक्टर ऐकतील?

लेबर रूमची सिस्टर:
खांदा अडकणार हे बहुतेक वेळा आधी सांगता येत नाही. आईला साखर असेल आणि बाळ मोठं असेल तर शक्यता वाढते, तेव्हा डॉक्टर तो विचार करतात. तिची साखरेची तपासणी झाली का ते कार्डावर बघा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं तर उपचार लागतो. पहिल्या भेटीत होते, मग परत चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात. सातवा महिना म्हणजे दुसरी राहिली असेल तर आता उशीर करू नका. आणि पुढच्या तपासणीला दिराला बरोबर न्या, हा प्रश्न त्यानेच डॉक्टरांना विचारू दे.

मडगावची आई:
आणि तोवर रात्रीचा फोन सासूबाईंकडे ठेवा. माझं मत बदललेलं नाही.