मदत हवी आहे: वडिलांच्या फोनवर चोराचे ॲप शिरू नये, पण वाचनालयाचे ॲप चालत राहावे

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या फोनच्या सुरक्षिततेविषयी नेमका सल्ला हवा आहे. ‘त्यांना स्मार्टफोनच देऊ नका’ किंवा ‘यूपीआय बंद करून टाका’ एवढ्यावर हा प्रश्न मिटण्यासारखा नाही, म्हणून परिस्थिती सविस्तर सांगतो.

वडील निवृत्त शिक्षक असून आईसह सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहतात. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. त्यांचा फोन ॲन्ड्रॉइड १२ वर थांबला आहे आणि कंपनीने त्याला सिक्युरिटी अपडेट देणेही आता बंद केले आहे. निवृत्तिवेतनाचे खाते, वीजबिल, गॅसची नोंदणी, आईची औषधे, नातेवाइकांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट असे सगळे त्याच एका फोनवर आणि त्याच एका सिमवर चालते.

वडील गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे चिटणीसही आहेत. त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याने, जो सध्या अभियांत्रिकी शिकतो आहे, वाचनालयासाठी एक लहानसे ॲप तयार करून दिले आहे. संध्याकाळी वाचनालय उघडले की वडील पुस्तकाच्या आतल्या पानावरचा दाखल अंक (वाचनालयाने त्या पुस्तकाला दिलेला क्रमांक) फोनमध्ये घालतात, सभासदाचे नाव निवडतात आणि देवघेवीची नोंद होते. कोणते पुस्तक कोणाकडे किती दिवस पडून आहे, हे त्यांना एका नजरेत दिसते. पूर्वी हेच शोधायला तीन रजिस्टरे उलटीपालटी करावी लागत. हे ॲप प्ले स्टोअरवर नाही. नवी आवृत्ती निघाली की तो विद्यार्थी एपीके फाइल (ॲन्ड्रॉइडवर ॲप बसवण्याची फाइल) व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि वडील ती उघडून बसवून घेतात.

खरी अडचण इथेच आहे, कारण चोरही याच वाटेने येतात. आमच्या शेजारच्या काकांना वाहतुकीचे चलन थकल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर आला आणि त्यासोबत चलनाच्या नावाची एपीके फाइल होती. फोनने धोक्याचा इशारा दिला होता, परंतु पाठोपाठ आलेल्या फोनवरच्या माणसाने अत्यंत सभ्यपणे बोलत बोलत त्यांना आधी प्ले प्रोटेक्ट (धोकादायक ॲप ओळखणारी गूगलची सोय) बंद करायला लावले आणि मग त्या ॲपला एसएमएस वाचण्याची परवानगी द्यायला लावली. एकदा ती परवानगी मिळाली की ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही. बँकेकडून आलेला प्रत्येक ओटीपी ते ॲप परस्पर चोराकडे पाठवत राहते. मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम एका रात्रीत गेली. हे कळल्यापासून वडिलांच्या फोनला हात लावायलाही आई घाबरते, आणि तिची ही भीती माझ्या मनाला फार लागली आहे.

धाकट्या भावाचे म्हणणे असे की, वडिलांच्या फोनवर दूरनियंत्रणाचे ॲप बसवावे, म्हणजे तो मुंबईहून त्यांचा पडदा पाहू शकेल आणि संशयास्पद काही दिसले तर थांबवू शकेल. मला हे मान्य नाही. दुसऱ्याच्या पडद्यावर डोकावणारी हीच ॲप्स फसवणूक करणारेही वापरतात, त्यामुळे ‘असे ॲप फोनवर असणे चांगले’ ही सवय आपणच वडिलांना लावणे धोक्याचे आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. वडील कोणाशी काय बोलतात, कोणाला किती पैसे देतात, काय वाचतात, हे मुलांनी चोरून किंवा उघडपणे पाहत राहावे, इतके ते परावलंबी झालेले नाहीत. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो हक्क सरकारपुढे मागायचा आणि घरात मात्र वडिलांना नाकारायचा, हे मला पटत नाही.

आता गूगलच्या नव्या धोरणाकडे येतो, कारण वाचनालयाचा प्रश्न त्याच्याशी थेट जोडलेला आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की, प्रमाणित (म्हणजे गूगलची मान्यता असलेल्या) ॲन्ड्रॉइड फोनवर, मग ॲप प्ले स्टोअरबाहेरून का घेतलेले असेना, ज्याच्या निर्मात्याने गूगलकडे आपली ओळख पटवलेली आहे अशीच ॲप्स बसवता येतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत आणि २०२७ पासून पुढे इतरत्र. एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या भांडारांनी यावर कडक आक्षेप घेतला, आणि त्यानंतर नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे आणि विद्यार्थी व हौशी निर्मात्यांसाठी वेगळ्या प्रकारचे खाते देण्याचे सांगितले. सह्याद्रीत भटकंती करणारे माझ्यासारखे अनेक जण मोबाइलची रेंज नसलेल्या वाटांवर ओएसएमअँड या ॲपचे नकाशे वापरतात, आणि मी तरी ते एफ-ड्रॉइडवरूनच घेतो. त्यामुळे ही बाब मला केवळ तात्त्विक वाटत नाही.

शेजारच्या काकांचे नुकसान डोळ्यांसमोर असल्यामुळे, अनोळखी एपीके अडवणे चुकीचे आहे असे मी म्हणू शकत नाही. परंतु फोन वडिलांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला आहे; त्यावरच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे असावी, कंपनीकडे नव्हे, आणि सरकारकडेही नव्हे. दूरसंचार विभागाने नव्या प्रत्येक फोनवर ‘संचार साथी’ ॲप आधीपासून बसवण्याची सक्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये केली आणि लोकांनी व विरोधकांनी आवाज उठवल्यावर डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती मागे घेतली. ते ॲप उपयोगाचे असेलही. हरवलेला फोन अडवणे किंवा आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहणे, या सोयी चांगल्या आहेत. आक्षेप होता तो न विचारता बसवण्याला.

म्हणून माझी विचारणा अशी आहे. वडिलांच्या संमतीने, आणि त्यांना स्वतःला हवे तेव्हा काढता येईल अशा पद्धतीने, त्यांच्या फोनवर अनोळखी एपीकेचा मार्ग कसा बंद करावा? तो बंद केल्यावर वाचनालयाचे ॲप कसे चालू ठेवावे? आणि निवृत्तिवेतनाचे पैसे या सगळ्यापासून दूर ठेवण्याचा काही व्यवहार्य मार्ग आहे का? नवा फोन घ्यायचा झाल्यास पंधरा-सोळा हजारांपर्यंत घेता येईल. ज्यांनी आपल्या घरी असे काही प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

आपला प्रश्न नीट मांडलेला असल्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. मी माझ्या सासूबाईंसाठी जे केले त्यावरून लिहिते.

सर्वप्रथम पैसे आणि स्मार्टफोन यांची ताटातूट करा. निवृत्तिवेतनाच्या खात्याशी जोडलेले सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. त्या फोनवर एपीके बसतच नाही, त्यामुळे तिथे येणारा ओटीपी कोणतेही चोरटे ॲप वाचू शकत नाही. त्या खात्याचे यूपीआय बंद करा आणि नेट बँकिंगची गरज नसेल तर तेही बंद ठेवा. रोजच्या खर्चासाठी दुसरे लहान खाते काढून ते दुसऱ्या क्रमांकाला जोडा, स्मार्टफोनमध्ये तेच सिम ठेवा आणि दर महिन्याला लागेल तेवढीच रक्कम तिकडे वळवा. यूपीआयसाठी खात्याशी जोडलेले सिम फोनमध्ये असावेच लागते, म्हणून दोन खात्यांना दोन क्रमांक हवेत. क्रमांक बदलण्यासाठी शाखेत जावे लागले तरी त्या एका खेपेने पुष्कळ काही साधते.

एपीकेविषयी: ॲन्ड्रॉइड ८ पासून अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी संपूर्ण फोनला एकदम मिळत नाही, ती प्रत्येक ॲपला स्वतंत्रपणे द्यावी लागते. आपल्या वडिलांनी ती व्हॉट्सॲपला दिलेली असणार, कारण विद्यार्थ्याची फाइल तिथून येते. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल उघडणारे ॲप या तिन्हींची ती परवानगी काढा. प्ले प्रोटेक्ट चालू आहे याची खात्री करा. एसएमएस, सूचना किंवा ॲक्सेसिबिलिटी (जिच्या जोरावर ॲप पडदा वाचू शकते) यांची परवानगी मागणारी बाहेरची ॲप्स ते भारतात आता बसवतानाच अडवते. शेजारच्या काकांना ते आधी बंद करायला लावले, ते त्यासाठीच. ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असे जो म्हणेल तो चोरच, एवढे एक वाक्य सासूबाईंच्या मनावर ठसवले आहे. नव्या फोनवर ॲन्ड्रॉइड १६ असेल तर त्यातील ‘ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ चालू करा. त्यात बाहेरून ॲप बसवण्याची सोयच बंद होते आणि फोनचा मालक हवे तेव्हा ती पुन्हा उघडू शकतो. आपण किल्लीचा जो मुद्दा मांडला आहे त्याच्याशी हे जुळते.

नवा फोन घेताना किती वर्षे अपडेट मिळणार हे पाहाच, आणि ती वर्षे आपण फोन घेतल्यापासून नव्हे, तर ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात हेही लक्षात घ्या. गॅलेक्सी ए१६ ५जी या मॉडेलला सॅमसंगने सहा वर्षांचे आश्वासन दिले, पण तो फोन ऑक्टोबर २०२४ चा आहे. दुकानदार स्वस्तात देतो म्हणून दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल घेतले तर तेवढी वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात.

शेजारच्या काकांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावर तक्रार केली आहे का? नसल्यास आजच करायला सांगा आणि बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यायला सांगा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाले असले तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात त्यांची जबाबदारी बँकेवर येते, म्हणून कळवण्याची तारीख आणि वेळ कागदावर असणे फार महत्त्वाचे आहे.

प्रतिसाद २

वाचनालयाच्या ॲपपुरते लिहितो, कारण माझा व्यवसाय तोच आहे. आपण वर्णन केलेल्या कामासाठी एपीकेची मुळीच आवश्यकता नाही. त्या विद्यार्थ्याला हेच ॲप वेब ॲपच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पानाच्या, रूपात लिहायला सांगा. क्रोममध्ये पान उघडून ‘होम स्क्रीनवर जोडा’ केले की त्याचे चिन्ह इतर ॲपसारखेच दिसते, इंटरनेट नसतानाही ते चालू शकते आणि नवी आवृत्ती आपोआप येते. व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवण्याची पद्धतच संपते. एसएमएस वाचण्याची परवानगी वेब ॲपला मिळतच नाही, त्यामुळे सुरक्षाही वाढते. २०२७ मध्ये गूगलचा नियम काहीही झाला तरी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पानासाठी निर्मात्याला गूगलकडे ओळख पटवावी लागणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. अशा ॲपची नोंद ब्राउझरच्या साठ्यात राहते आणि कोणी क्रोमचा डेटा पुसला तर तीही पुसली जाते. म्हणून रोज वाचनालय बंद करताना सगळी नोंद एका फाइलमध्ये उतरवून घेण्याचे बटण ठेवा आणि आठवड्याला एक प्रत दुसऱ्या विश्वस्तांकडे जाऊ द्या.

तोपर्यंत एपीकेच वापरायची असेल तर जुने ॲप न काढता त्यावरच नवी आवृत्ती बसवा. त्याच ॲपची अद्ययावत आवृत्ती म्हणून दुसऱ्या कोणा निर्मात्याच्या डिजिटल सहीची फाइल ॲन्ड्रॉइड स्वीकारत नाही. तेच नाव आणि तेच चिन्ह लावलेले वेगळे ॲप मात्र शेजारी बसू शकते, म्हणून पडद्यावर ‘अपडेट’ऐवजी नव्याने ‘इन्स्टॉल’ विचारले तर तिथेच थांबून विद्यार्थ्याला फोन करावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. तिन्ही ॲपची परवानगी काढण्यास ते लगेच तयार झाले, आणि ती कुठून काढायची व कुठून परत द्यायची हे त्यांनी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले. दोन खात्यांची कल्पना आईला विशेष पटली. विद्यार्थ्यानेही वेब ॲप करण्याचे मान्य केले असून परीक्षा संपल्यावर तो कामाला लागेल. तोवर नवी आवृत्ती नको, आहे तेच ॲप चालवायचे, असे ठरले आहे. भावाशी मी बोललो. दूरनियंत्रणाच्या ॲपचा हट्ट त्याने सोडला, परंतु निवृत्तिवेतनाच्या खात्यातून मोठी रक्कम गेल्यास ईमेलवर सूचना आपल्यालाही यावी अशी त्याची इच्छा आहे, आणि वडिलांची त्याला हरकत नाही.

काकांनी बँकेत तोंडी सांगितले होते, लेखी काहीच दिले नव्हते. १९३० वर काल तक्रार नोंदवली असून उद्या त्यांच्यासोबत शाखेत जाऊन अर्जाची पोच घेणार आहे.

आता फक्त बटणांच्या फोनविषयी विचारायचे राहिले. गावात ४जीचीच रेंज धड मिळते, त्यामुळे ४जीवर कॉल चालणारा फोन हवा. अक्षरे मोठी दिसावीत, देवनागरीतले एसएमएस चौकोन न दिसता नीट वाचता यावेत आणि त्यात पैसे देण्याचे कोणतेही ॲप आधीपासून नसावे. असे मॉडेल कोणी सध्या प्रत्यक्ष वापरत असल्यास त्याचे नाव आणि बॅटरीचा अनुभव कृपया कळवावा.