बॉयलर फिटर वडिलांच्या एक्स-रेत ‘प्ल्युरल प्लाक’ आलाय

प्रश्न:
बाबांची सगळी नोकरी बॉयलर फिटर म्हणून गेली. जुनं लॅगिंग (बॉयलर-पाइपवरचं उष्णतारोधक वेष्टन) फोडायचं, नवं चढवायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला जात नाही. एक्स-रेच्या रिपोर्टात ‘प्ल्युरल प्लाक’ लिहिलंय. हा कॅन्सर आहे का? आणि इतक्या वर्षांनी हे आत्ता कसं?

प्रतिसाद १:
मीही लॅगिंगवालाच. प्लाक म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणावरचे जाड चट्टे. तो कॅन्सर नाही, त्याचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. अ‍ॅस्बेस्टॉस (जुन्या लॅगिंगमधलं तंतुमय खनिज) छातीत गेलं होतं, एवढं त्यावरून कळतं. पण नुसत्या प्लाकने सहसा धाप लागत नाही, त्यामुळे एक्स-रेवर थांबू नका. छातीच्या डॉक्टरांना विचारून एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन), स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाची ताकद मोजणं) आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून वायू रक्तात किती जातो ते मोजणं) करून घ्या. अ‍ॅस्बेस्टोसिस (या तंतूंमुळे फुफ्फुसात पडणारे व्रण) असेल तर पाठीला खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला की वेल्क्रो उचकटल्यासारखा आवाज येतो.

उशिराचं कारण म्हणजे हे तंतू विरघळत नाहीत. पेशी त्यांना गिळायला जातात, पण लांब तंतू पुरता गिळता येत नाही. सूज धुमसत राहते. अ‍ॅस्बेस्टोसिसला बहुधा १०-२० वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, मेसोथेलिओमाला (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) ३०-४०सुद्धा.

डॉक्टरांना ‘कंपनीत होते’ एवढंच सांगू नका (आपण सगळे तेच सांगतो!). कागदावर लिहून न्या: कोणत्या साली कुठे, लॅगिंग कोरडंच फोडायचे की भिजवून, दोरीचं पॅकिंग कापायचे का, गास्केट (जोडातली गळती रोखणारी चकती) खरवडायचे का, नंतर झाडायचं कोण. मला आधी नुसती खोकल्याची औषधं मिळत होती. असा कागद दाखवल्यावर तपासणीची दिशाच बदलली.

प्रश्नकर्ता:
कागद आजच करतो. बाबा अजून सिगारेट ओढतात. म्हणतात, आता सोडून काय होणार?

प्रतिसाद २:
मी फुफ्फुसतज्ज्ञ आहे. सोडायलाच हवी. सिगारेट आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त होतो. सिगारेट सोडल्यावर तो हळूहळू उतरतो. अ‍ॅस्बेस्टोसिस निघालाच तर झालेले व्रण परत जात नाहीत, पण फ्लू आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनियाचा एक जंतू) लस, श्वसनाचे व्यायाम, गरज पडल्यास ऑक्सिजन, यांचा उपयोग होतो. वजन घटणं, छातीत सतत दुखणं, थुंकीत रक्त यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

प्रतिसाद १:
आणखी एक. बाबांचे कामाचे कपडे घरी कोण धुवायचं? आई असतील तर हेही डॉक्टरांना सांगा. कपडे झटकताना उडणारी धूळही तीच असते.