बोट धक्क्याला, हातात सात तास : हॉप-ऑन हॉप-ऑफ बसचे अनुभव

सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन भूमध्य समुद्रात आठवड्याची क्रूझ करतोय. बार्सिलोना, रोम, माल्टा. बोटीवरच्या सहलींचे दर पाहून डोळे पांढरे झाले, म्हणून या बसचा विचार आहे : एकाच तिकिटावर दिवसभर हव्या त्या थांब्यावर उतरायचं, बघायचं, मागून येणाऱ्या बसमध्ये चढायचं. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आईला मात्र 'आलोच आहोत तर सगळं' बघायचंय. एका दिवसात खरंच किती वेळा उतरून परत चढता येतं? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. फजिती झाली असेल तर ती आधी.

खिडकीतली चिमणी :
फजितीच सांगते. बार्सिलोनात आमची बोट लागली तो मोल अदोसात धक्का शहरापासून चांगलाच लांब. तिथून निळी शटल बस कोलंबसच्या पुतळ्यापर्यंत सोडते, तिचे पैसे वेगळे. अख्खी बोट एकदम उतरलेली, त्यामुळे त्या रांगेतच पाऊण तास. पुतळ्यापाशी दुमजली बसची रांग निराळी. (पुतळ्याचा हात अमेरिकेकडे नाहीच बरं का. लेकाने मोबाइलवरचं होकायंत्र लावून खात्री केली, तेवढाच विरंगुळा.) बसमध्ये टेकेपर्यंत साडेदहा.

मग कळलं, ही बस माँजुइकच्या टेकडीकडे जाणारी. साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चसाठी प्लासा दे कातालून्या चौकात उतरून दुसरी धरली. पोचलो तर आत जायची तिकिटं ठरलेल्या वेळेची, ऑनलाइन काढायची, आणि त्या दिवसाची संपलेली! बसचं तिकीट म्हणजे आतलं तिकीट नव्हे, हे मला पन्नाशीत कळलं.

समोरच्या बागेत तळ्याकाठी बसून चकल्या खाल्ल्या आणि नुसतं बघत राहिलो. मग कुंपणापाशी गेलो. येशूच्या जन्माचा देखावा कोरलाय त्या बाजूला दोन खांबांच्या तळाशी दगडी कासवं आहेत, समुद्राच्या अंगाला समुद्रातलं, डोंगराच्या अंगाला जमिनीवरचं. खांबांचा भार पाठीवर घेऊन बसलेली. तिकीट असतं तर घाईत आत शिरले असते, दिसलीही नसती. दिवसभरात उतरलो दोनदाच. संध्याकाळी साडेपाचला बोटीवर हजर व्हायचं होतं, त्यामुळे तीनपासूनच नवऱ्याची नजर घड्याळावर.

सदाभटक्या :
रोमबद्दल एकच. पत्रकात 'रोम' छापलेलं असतं, बोट लागते चिवितावेक्कियाला. मधे ७०-८० किलोमीटर. आम्ही रेल्वेने गेलो, तासाभरात सान पिएत्रो स्टेशन, तिथून व्हॅटिकनचा चौक पायी. बसच्या नादी लागलो नाही. जाण्यायेण्यात तीनेक तास गेल्यावर उरलेल्या वेळात रोमच्या ट्रॅफिकमध्ये छत्री धरून बसायचं कशाला?

हरबरा :
माल्टाला मात्र ही बस डोळे झाकून घ्या. बोट राजधानी व्हॅलेटाच्या पायथ्याशीच लागते, बस तिथूनच मिळाली. आम्ही आधी लांबचं उरकलं, म्हणजे इम्दीना हे जुनं तटबंदीचं गाव. परतीला थांब्यावर उभे, तर बस गच्च भरून आली. ड्रायव्हरने काचेआडून हात हलवला आणि गेला निघून! पुढची चाळीस मिनिटांनी. बायको म्हणाली, "तरी सांगत होते." काय सांगत होती ते अजून कळलेलं नाही. शेवटी टॅक्सी केली. परत आल्यावर व्हॅलेटात अप्पर बराक्का बागेत गेलो. धक्क्याजवळून वर जायला ५८ मीटरची लिफ्ट आहे, बाबांच्या गुडघ्यांना वरदान. दुपारी १२ आणि ४ ला खालच्या तटावरून तोफ उडवतात. आम्ही चारच्या तोफेला होतो. आवाजाची कल्पना होती तरी दचकलोच.

मीठभाकर :
सिंगापूरहून मलेशियातल्या पेनांगला जाणाऱ्यांसाठी : बस घेऊच नका. स्वेटनहॅम धक्क्यावरून बाहेर पडलं की समोरच घड्याळाचा मनोरा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून ६० फुटी. शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस. जॉर्ज टाउन पायी होतं. पाय दुखले तर शहरात फुकट फिरणारी कॅट बस आहे. केक लोक सी देवळाला तेवढी टॅक्सी केली.

सुकट :
बोटीचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ एक असेलच असं नाही, आणि मोबाइल गावाचं दाखवतो. उतरताना दारापाशी परतीची वेळ लिहिलेली पाटी असते, तिचा फोटो काढा. पोर्ट एजंटचा, म्हणजे बंदरावर बोटीचं काम बघणाऱ्याचा, नंबर रोजच्या पत्रकात असतो, त्याचाही.

धागाकर्ता :
सगळ्यांचे आभार. साग्रादा फामिलियाची तिकिटं आजच काढतो, रोमला रेल्वे. आईने कासवांचं वाचून दाखवायला लावलं, दोनदा. बाबांचा प्रश्न : बसच्या वरच्या मजल्याचा जिना कसा असतो?

खिडकीतली चिमणी :
अरुंद आणि वळणाचा. बस थांबलेली असतानाच चढवा, उतरताना थांब्याच्या आधी उठू देऊ नका. नाहीतर खाली खिडकीपाशी बसवा. तिथे ऊन नाही, आणि आमच्या बसमध्ये खालचा मजला जवळजवळ रिकामाच होता. आणि टोपीला बंद शिवून घ्या. माझी माँजुइकवर आहे.