शुगर ग्लायडर एकटा ठेवू नये

शुगर ग्लायडर या उडत्या खारीसारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्याचे एकच पिल्लू पाळायला घेतले तर त्याला माणसाचा लळा लवकर लागतो, असे प्राणी पाळण्याविषयीच्या या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलांत हा प्राणी झाडाच्या ढोलीत टोळीने झोपतो आणि टोळीतले प्राणी एकमेकांना अंगच्या वासावरून ओळखतात. नराच्या डोक्यावर मधोमध दिसणारे टक्कल हा आजार नसून ती गंधग्रंथी असते. एकटा पडलेला ग्लायडर खाणे सोडतो, स्वतःचे केस उपटतो, प्रसंगी शेपूट चावून जखमी करून घेतो. दिवसभर आपण कामावर आणि रात्री, तो जागा असताना, आपण झोपेत, अशा घरात माणूस त्याच्या जोडीदाराची जागा भरून काढू शकत नाही.

आहाराबद्दलही सांगावेसे वाटते. दिसायला उडत्या खारीसारखा असला तरी हा कांगारूसारखा पोटपिशवीचा प्राणी आहे आणि रानात तो झाडांचा रस, डिंक, मकरंद व किडे खातो. नुसत्या फळांच्या फोडींवर ठेवल्यास कॅल्शियम कमी पडून हाडे ठिसूळ होतात. मागचे पाय ओढत चालणे किंवा उडी चुकणे हे त्याचे लक्षण असते, आणि ते दिसताच त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. मात्र अशा प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर आपल्या गावात आहे का, याची चौकशी पिल्लू आणण्याआधीच करावी, कारण नीट सांभाळल्यास तो दहा-बारा वर्षे जगतो.