'ऑन द वे' की 'इन द वे'? प्रिपोझिशनच्या वाक्प्रचारांसाठी मदत हवी आहे

उशिरालतीफ:
नमस्कार मंडळी. परवा बैठकीला उशीर होत होता म्हणून साहेबांना मेसेज टाकला, 'आय ॲम इन द वे'. म्हणायचं होतं, वाटेत आहे, पोचतोच. त्यांचं उत्तर आलं, 'हूज वे?' मला काही उमगेना. नंतर एका सहकारी मैत्रिणीने सांगितलं की माझ्या वाक्याचा अर्थ 'मी आडवा येतोय' असा होतो, आणि वाटेत असलेल्या माणसाने 'ऑन द वे' म्हणायचं असतं.

तसं माझं व्याकरण वाईट नाही. काळ, प्रयोग वगैरे जमतात. घात होतो तो या दोन-तीन अक्षरी चिल्लर शब्दांनी. 'ही लेफ्ट फॉर गुड' वाचून मला वाटलं, कुणाच्या तरी भल्यासाठी गेला असेल. तो कायमचा गेला होता! 'द थीफ इज ॲट लार्ज' म्हणजे चोर अजून मोकाट आहे, हे कळेपर्यंत मी त्याला अंगापिंडाने थोराड समजत होतो.

यादी करून पाठ करायला घेतली, पण पुढचं पाठ होईतो मागचं सपाट. त्यातही हँडची भावंडं फार छळतात: इन हँड, ॲट हँड, ऑन हँड, आउट ऑफ हँड. यात काही नियम आहे का, की घोकंपट्टीच करायची?

कानामात्रा:
वेळेपुरता नियम आहे: घड्याळातल्या वेळेला ॲट, वाराला आणि तारखेला ऑन, महिन्याला आणि वर्षाला इन. वाहनांचंही थोडंफार जमतं. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ऑन (बस, ट्रेन, विमान), ज्यात वाकून शिरावं लागतं त्या कारला इन. वाक्प्रचारांना मात्र नियम शोधत बसू नका.

जोडाक्षर:
उशिरालतीफ, नियम नसला तरी हे प्रकरण तुम्हाला अगदीच परकं नाही. एखादा माणूस डोक्यात जातो, दुसरा डोक्यावर बसतो आणि गणिताचा तास डोक्यावरून जातो. हे तुम्ही कुठल्या यादीतून पाठ केलं होतं? डोकं तेच, प्रत्यय बदलला की सगळंच बदलतं. तुमच्या हँडचंही तसंच. हाताशी असलेलं ते ॲट हँड, हाताबाहेर गेलेलं ते आउट ऑफ हँड, सध्या हातात घेतलेलं काम ते इन हँड. ऑन हँड म्हणजे गरजेला हजर असलेला माणूस किंवा शिल्लक असलेला माल. 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम'मध्येही लोक उगाच अडखळतात. वेळेवर आणि वेळेत, बस्स.

खोडरबर:
जोडाक्षर, तुमचा हा आरसा लबाड आहे हो! धागाकर्ते त्याच्यामुळेच तर पडले. 'वाटेत'मधल्या 'त'चं त्यांनी इन केलं. 'हातावेगळं केलं' म्हणजे आपण काम उरकलं. हे ऑफहँडसारखं दिसतं, पण ऑफहँड म्हणजे तयारी न करता, किंवा तुटकपणे. 'शेवटी' हा आपला एकच शब्द, त्यांचे मात्र दोन: पुस्तकाच्या शेवटी ते 'ॲट द एंड', आणि बऱ्याच भानगडींनंतर शेवटी एकदाचं काय झालं ते 'इन द एंड'. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहितो, तिथे अबाउट नकोच असतो.

प्रिपोझिशन सुटं पाठ करू नका. अख्खा तुकडा उचला आणि त्याच दिवशी स्वतःच्या कामातल्या एका वाक्यात वापरा. अडलं तर शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात 'इन' काढू नका, हरवून जाल; 'हँड' काढा, तिथे सगळी भावंडं एकत्र सापडतात. आणि फार मनाला लावून घेऊ नका. ब्रिटिश माणूस 'ॲट द वीकेंड' म्हणतो, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. त्यांचंच एकमत नाही.

उशिरालतीफ:
सगळ्यांचे आभार. यादी बंद, आजपासून रोज एक तुकडा. जाता जाता एक शंका. एका ब्रिटिश ग्राहकाने लिहिलंय, 'युवर लास्ट ईमेल वॉज आउट ऑफ ऑर्डर'. मी मुद्दे क्रमवार लावून तीच ईमेल पुन्हा पाठवली आहे. बरोबर केलं ना?

खोडरबर:
अहो, क्रमाचं नाही ते! यंत्र बंद पडलं तर 'आउट ऑफ ऑर्डर', आणि माणसाने मर्यादा सोडली तरी 'आउट ऑफ ऑर्डर'. त्यांना आत्ताच्या आत्ता फोन करा. त्या ईमेलमध्ये लिहिलं काय होतंत?