विज्ञानकथेसाठी वाचन आणि टिपणं कशी लावावीत? (सोलापूर, पाणी, साल २०८५)

पाणवठा:
सोलापुरात घडणारी एक विज्ञानकथा लिहितेय. साल २०८५. शहराचं पाणी वाटायचं काम एका यंत्रणेकडे गेलंय, घरातली डोकी मोजून ती नळ उघडते आणि बंद करते. नायिका टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला आहे. खर्डा सात हजार शब्दांवर गेलाय.

पहिली तीन पानं यंत्रणा समजावण्यात जातात, आणि ती काढली तर पुढचं कळत नाही. वाचन खूप होतं पण विस्कळीत आहे: अंतराळाच्या बातम्या, हवामानाचे अहवाल, इतरांच्या कथा. त्यातलं कथेत काही उतरत नाही. शिवाय दिवाळी अंकाला पाठवायची तर किती शब्दांची, कधी आणि कशी? नेमकं सांगा. 'भरपूर वाचा, रोज लिहा' हे माहीत आहे.

उभा_आडवा:
यंत्रणेपासून सुरुवात करू नका, तिच्यावरून घरात झालेल्या पहिल्या भांडणापासून करा. तुमचा नियम डोकी मोजून पाणी देण्याचा. मग बारशाला माहेरची दहा-बारा माणसं उतरली की काय? पाहुण्यांची नोंद कोण करतं, किती तास आधी? आणि घरातली आजी वारली, तर तिचं नाव कमी करायला कुणी धावत जाईल का? हेच पहिल्या पानावर घ्या. घरात सुतक आहे, आलेल्या-गेलेल्यांसाठी पाणी पुरत नाहीये आणि नोंदीत आजी अजून जिवंत आहे. वाचकाला सगळी यंत्रणा कळते, कारण कुणीतरी तिच्याशी खोटं बोलतंय. तुमची तीन पानं इथे सहा-सात ओळींत बसतील.

लिहिण्याआधी एका कागदावर पाच उत्तरं काढा: काय बदललं, केव्हापासून, फायदा कुणाचा, किंमत कोण मोजतंय, आणि पळवाट कुणी शोधली. पाचवं उत्तर सुचत नसेल तर ते जग अजून कच्चं आहे. माणसांनी पळवाट काढली नाही अशी पाणीवाटपाची व्यवस्था मला तरी माहीत नाही.

मोठा बदल एकच ठेवा. आज इथल्या बहुतेक कारखान्यांत मागावर पुरुष असतात, बायका कांड्या भरायला आणि शिलाईला. तुमची नायिका मागावर आहे म्हणजे हा दुसरा बदल झाला. तो का आणि कसा झाला हे दोन ओळींत तरी यायला हवं, नाहीतर तिला शिलाईवर बसवा. शिलाईवरची बाई नगावर मजुरी घेते, त्यामुळे पाण्यासाठी घालवलेल्या प्रत्येक तासाची किंमत तिला पैशात माहीत असते. कथेला ते जास्त उपयोगाचं आहे.

भीमेवरच्या उजनी धरणाचा हिशेबही पक्का करून घ्या. धरणाची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यात मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी, हाच ६३ टीएमसीच्या वर. म्हणजे उजनी 'शून्य टक्के' झाली तेव्हा उपयुक्त साठा संपलेला असतो, धरण कोरडं पडलेलं नसतं. त्यानंतर पाणी उचललं की आकडा उणे होत जातो. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे, साधारण ५४ टीएमसीचे; म्हणून उणे ३० टक्के म्हणजे मृतसाठ्यातलं सुमारे १६ टीएमसी गेलं. 'धरण शून्यावर आलं, तळाला भेगा पडल्या' असं वाक्य आलं की सोलापूर, पंढरपूर, माढ्याकडचा वाचक तिथेच कथा सोडतो.

शहराला पाणी तीन वाटांनी येतं: उजनीहून थेट जलवाहिनी, भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून, आणि हिप्परग्याचा एकरूख तलाव. नदीतून सोडलेलं पाणी वाटेत मुरतं, उडतं, उपसलं जातं. तुमची यंत्रणा कुठल्या वाटेवर बसलीये यावरून कथेतला विरोधक ठरेल. जलवाहिनी असेल तर झडपेजवळचा माणूस, नदी असेल तर काठावरचे शेतीपंप. दुसऱ्या पर्यायात विरोधकाचीही बाजू खरी असते, म्हणून मी तोच घेईन.

शाईदौत:
वाचनाबद्दल. तिन्ही प्रकारचं वाचन तुम्ही एकाच पद्धतीनं करताय असं दिसतं. ते वेगळं करा.

कथा दोनदा वाचायची. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन तीन खुणा करायच्या: अनोळखी गोष्ट पहिल्यांदा कुठे आली, ती समजावण्यात किती ओळी गेल्या, आणि तिच्यामुळे पात्राची पहिली अडचण कुठे झाली. पहिल्या आणि तिसऱ्या खुणेतलं अंतर बघा. लघुकथेत ते पानाभरापेक्षा वाढलं की गोष्ट बहुधा रेंगाळते. मग हीच पेन्सिल स्वतःच्या खर्ड्यावर चालवा. मराठीत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या पाच-सहा कथा सलग वाचल्या की प्रत्येकाची सवय दिसते: कोण संवादातून माहिती देतो, कोण निवेदनातून, कोण शेवटपर्यंत राखून ठेवतो. एकेक सुटी कथा वाचून हे लक्षात येत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांची चौकशी करा. पुस्तकात न आलेल्या कथा तिथेच सापडण्याची शक्यता असते.

माहितीच्या वाचनासाठी जोडपानांची वही ठेवा. डाव्या पानावर वस्तुस्थिती, सोबत ती कुठून आणि कुठल्या तारखेची. उजव्या पानावर एकच प्रश्न: मग घरात काय बदलेल? उजवं पान रिकामं राहिलं तर ते टिपण कथेत घ्यायचं नाही, कितीही आवडलं तरी. तुमच्या अंतराळाच्या बातम्या कथेत उतरत नाहीत त्याचं कारण हेच असावं, त्यांना उजवं पान मिळालेलं नाही. एका लेखातून एकच टिपण काढा. जास्त काढली की वहीचं कात्रणसंग्रहात रूपांतर होतं आणि ती कुणी पुन्हा उघडत नाही.

आणि तिसरं, गावाचं वाचन. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) नेटवर आहे. विणकर, बाजार, पिकं, दुष्काळ, सगळं तपशिलात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचा. २०८५ च्या टंचाईसाठी ते हवामान अहवालापेक्षा जास्त कामाचं आहे. पाऊस किती कमी पडेल ते अहवाल सांगतो. दुष्काळात लोक आधी काय विकतात, गुरं कुठे हलवतात, गाव कोण सोडतं आणि मागे कोण राहतं, हे जुन्या नोंदींत मिळतं.

लिहिताना मात्र शोधाशोध नको. आकडा आठवला नाही तर तिथे 'तपासा' असं लिहून पुढे जा, खर्डा पूर्ण झाल्यावर हा शब्द शोधून सगळं एका बैठकीत भरा. निम्म्या जागी कळतं की तो आकडा लागतच नव्हता.

दुपारपाळी:
वर सगळं आलंय, फक्त दोन तपशील.

टॉवेल विणताना दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक घट्ट, जमिनीचा. दुसरा सैल, ज्याचे फुगे म्हणजे लूप होतात. आडवे धागे थोडं अंतर राखून टाकले जातात आणि साधारण तिसऱ्या धाग्याला फणी सगळ्यांना एकदम पुढे ठोकते, तेव्हा सैल ताण्याचा फुगा वर येतो. सैल ताण्याचा ताण बिघडला की लूप लहानमोठे होतात आणि नग बाद होतो. मागावरच्या माणसाला दोष आधी ऐकू येतो, मग दिसतो. जेकार्डची चादर वेगळी. तिथे नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर असते, जिथे भोक तिथला उभा धागा उचलला जातो, एका आडव्या धाग्याला एक कार्ड. पूर्वीची गणकयंत्रं याच कल्पनेची कार्डं वापरत. नायिका टॉवेलवरून चादरीकडे नेलीत तर पाणी वाटणारं यंत्र तिला तिच्या कामातूनच समजू शकेल: कुठलं भोक बुजवलं की कुठला धागा उचलला जाणार नाही. मला ही जागा फार मोलाची वाटते, विचार करा.

दुसरं, ऊन. 'भर एप्रिलात बाराच्या ठोक्याला सावली पायाखाली नाहीशी झाली' असलं काही लिहू नका. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तरेला आहे. सूर्य नेमका डोक्यावर येतो तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. तेही बारा वाजता नाही, बारा वाजून वीस ते पस्तीस मिनिटांच्या दरम्यान. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि सोलापूर ७५.९ वर, म्हणून हा उशीर. २०८५ मध्येही यात फरक पडणार नाही.

पाणवठा:
आजीच्या नोंदीची कल्पना घेतेय, आणि नायिका चादरीकडे जाईल. आता सात हजाराचे किती करू? बोली किती वापरू? पात्रं सोलापुरी बोलतात.

टंकनखिळा:
दिवाळी अंकासाठी अडीच ते चार हजार शब्द सोयीचे. काही अंक दीर्घकथा घेतात, पण आधी विचारून. कापताना शब्द कापत बसू नका, त्यानं गोष्ट फक्त कोरडी होते. आधी पात्र कापा: जे पात्र फक्त प्रश्न विचारायला आहे ('म्हणजे ही यंत्रणा नेमकी चालते कशी, सर?') ते पूर्ण काढा. मग एकच काम करणारी दोन दृश्यं एकत्र करा. त्यानंतर उरलेलं मोठ्यानं वाचा, जिथे दम लागतो तिथे वाक्य मोडा. वाक्यांचं काम शेवटी, कारण उडणाऱ्या दृश्यातली वाक्यं घासण्यात आठवडे जातात.

बोली संवादात ठेवा, निवेदन प्रमाण मराठीत. 'काय करायलास बे' हे बरोबरीच्या माणसांत; सासऱ्यासमोर किंवा मालकासमोर 'बे' येणार नाही. तेलुगू घरातली पात्रं असतील तर नात्यांची हाक त्यांच्या भाषेत ठेवा, बाकी मराठीत, आणि अर्थ कंसात देऊ नका. प्रसंगातून तो कळतो.

वेळ: बरेच अंक जुलै-ऑगस्टपर्यंत साहित्य मागवतात, त्यामुळे जूनअखेर कथा तयार हवी. युनिकोडमध्ये टंकलेली वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ, दोन्ही पाठवा. काही ठिकाणी मजकूर अजून जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये फिरवतात. त्यात रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' यांसारखी अक्षरं हमखास बिघडतात. पीडीएफ असली की मुद्रितशोधकाला ताडून बघता येतं. आकडे आणि एकके मजकुरात सगळीकडे एकसारखी ठेवा, 'टीएमसी' एकदा आणि 'अब्ज घनफूट' एकदा असं नको. मेलमध्ये शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचा उल्लेख आणि पत्ता एवढंच. कथेचा सारांश नको.

एकाच वेळी दोन अंकांना तीच कथा देऊ नका. नकार कळवण्याची पद्धत सगळीकडे नाही, तेव्हा महिन्याभरानं एक मेल करून 'कथा दुसरीकडे देऊ का' असं सरळ विचारा. स्पर्धेला पाठवत असाल तर नियमात असेल तसं हस्तलिखितावरून नाव काढा, फाइलच्या गुणधर्मांतलंही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी कथा पाठवली ती आद्याक्षरं उलटी करून घेतलेल्या नारायण विनायक जगताप या नावानं, आणि बक्षीस त्या नावाला मिळालं.

शाईदौत:
एक राहिलं. पाठवण्याआधी कथा दोघांना वाचायला द्या: एक विज्ञानातला, एक अजिबात नसलेला. दोघांनाही 'आवडली का' विचारू नका. पहिल्याला विचारा, कुठे विश्वास बसला नाही. दुसऱ्याला विचारा, कुठे मागची पानं उलटून बघावी लागली. दुसऱ्यानं दाखवलेल्या जागा आधी दुरुस्त करा.